अंगणातला परका दगड

पहिल्या दिवशी मी आकाशातून पडलेले समजून काटोलच्या शिवारातून अकरा दगड पिशवीत भरून आणले आणि ते अकराही बेसाल्टचे, म्हणजे तिथल्याच साध्या काळ्या खडकाचे निघाले. भूशास्त्राची पदवी घेऊन पुढे बँकेची नोकरी धरलेल्या माणसाला हे लिहिताना थोडी लाज वाटते. पण त्या आठवड्यात जे काही शिकलो ते या अकरा दगडांपासूनच शिकलो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

२२ मे २०१२, मंगळवार. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांच्या सुमारास नागपूर जिल्ह्यातील काटोल शहरावर आणि त्याच्या आसपासच्या भागावर आकाशातून दगड पडले. त्याआधी लोकांनी स्फोटासारखे मोठे आवाज ऐकले होते. आकाशात दिसून विझून जाते ती उल्का आणि जमिनीपर्यंत पोहोचतो तो अशनी, हा भेद शाळेतल्या पुस्तकात वाचलेला असतो, परंतु आपल्या घरापासून दीड तासाच्या अंतरावर अशनी पडण्याचा योग एखाद्याच्या आयुष्यात सहसा येत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर येथील शास्त्रज्ञांनी तिथले तुकडे गोळा केले, सापडलेल्या मालाचे एकूण वजन सुमारे १३ किलो भरले आणि तपासणीअंती हा अशनी ‘एल ६’ वर्गातला, म्हणजे लोहाचे प्रमाण तुलनेने कमी असलेला आणि ज्या लघुग्रहातून तो तुटला त्याच्या पोटात बराच काळ भाजून निघालेला साधा कॉन्ड्राइट, म्हणजे दगडी अशनींचा सर्वांत नेहमीचा प्रकार ठरला. मी तिथे पोहोचलो तो शुक्रवारी, रजा टाकून, वर्गमित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून.

अशनी कसा ओळखावा याची लक्षणे मला तोंडपाठ होती. वातावरणातून येताना दगडाचा बाहेरचा थर वितळतो आणि उरलेल्या भागावर मिलिमीटरभरही जाड नसलेली काळी, बहुधा निस्तेज साल तयार होते. कधी पृष्ठभागावर ओल्या मातीत अंगठा दाबावा तसे खळगे असतात. दगड फुटला असेल तर आतला भाग फिकट राखाडी दिसतो आणि त्यात धातूचे बारीक कण चमकतात. ही लक्षणे चुकीची नाहीत. अडचण एवढीच, की ती वाचून शोधायला निघालेला माणूस काळा दगड शोधू लागतो, आणि काटोल तर दख्खनच्या लाव्हाच्या थरांवर वसलेले आहे. तिथे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर रचलेला दगड काळा, विहिरीतून निघालेला काळा, रस्त्यावरची गिट्टी काळी, रेल्वेरुळांखालची गिट्टी काळी, आणि या सगळ्याच्या खाली असलेली माती तर सर्वांत काळी. वाळवंटात किंवा अंटार्क्टिकाच्या बर्फावर अशनी शोधणाऱ्यांना पार्श्वभूमी मदत करते. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी, म्हणजे काटोलनंतर नऊ महिन्यांनी, रशियात चेल्याबिन्स्कजवळ दगड पडले तेव्हा लोक बर्फातली भोके पाहत फिरले आणि भोकाच्या तळाशी त्यांना दगड मिळाले. मी ते वाचले तेव्हा मला त्या लोकांचा मनापासून हेवा वाटला.

आमच्याकडे मे महिना होता. वावरे नांगरून, वखरून पेरणीची वाट पाहत पडली होती आणि उघड्या काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या रुंद भेगा पडल्या होत्या. सुपारीएवढा किंवा लिंबाएवढा तुकडा अशा भेगेत गेला तर तो दिसण्याची शक्यता जवळजवळ नाही. पाऊस पडल्यावर माती फुगते, भेग मिटते आणि दगड आतच राहतो. शिवाय उन्हाची वेळ सांभाळावी लागते. दुपारी शोधण्यात अर्थ नाही, कारण डोक्यावरच्या उन्हात प्रत्येक ढेकूळ सारखेच दिसते. सकाळी सहा ते नऊ आणि सायंकाळी पाचनंतर तिरप्या उन्हात दगडाची सावली पडते आणि त्याचा आकार उठून दिसतो. दगड पडला तेव्हा तो गरम होता का, हा प्रश्न आम्हाला प्रत्येकाने विचारला आणि आम्हीही पहिल्या दिवशी तो प्रत्येकाला विचारला, हा निव्वळ वेडेपणा होता. प्रकाश देण्याचा टप्पा काही सेकंदांत संपतो, उष्णता त्या पातळ सालीपलीकडे आत शिरायला वेळच मिळत नाही, आणि नंतरची काही मिनिटे दगड वरच्या थंड हवेतून साध्या दगडासारखा खाली येत असतो. त्यामुळे जमिनीवर येईपर्यंत तो कोमट किंवा गारच असायचा. पण विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता जमिनीवरचा कोणताही दगड उचलला तरी हात भाजतो. साहजिकच ज्यांनी ज्यांनी दगड उचलला होता त्यांनी त्यांनी तो ‘विस्तवासारखा’ असल्याचे सांगितले, आणि त्यातले कोणीही खोटे बोलत नव्हते.

काळ्या मातीत काळा शोधण्यापेक्षा राखाडी शोधावे, म्हणजे फुटलेली बाजू वर आलेले तुकडे पाहावेत, असा शहाणपणा आम्हाला शनिवारी सुचला. त्यावर चुनखडीच्या खड्यांनी पाणी फिरवले. काळ्या जमिनीत हे पांढुरके, राखाडी खडे जागोजागी असतात आणि दहा पावलांवरून ते हुबेहूब फुटलेल्या अशनीसारखे दिसतात. विटभट्टीजवळची खंगर तर त्याहून लबाड: काळी, वितळलेली, वर काचेसारखी चमक, आणि हातात घेतल्यावर आपण आकाशातली वस्तू धरली आहे असे मनाला पटवून देणारी. ती फोडली की आत फुग्यांची भोके दिसतात. अशी भोके बेसाल्टमध्येही पुष्कळ असतात आणि साध्या कॉन्ड्राइटमध्ये नसतात. दगड हातचा सोडायला तेवढे एकच लक्षण पुरे होते, पण आशा लागलेल्या माणसाला ते लक्षण दिसत नाही. चुंबकाचीही तीच कथा. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे कण असल्यामुळे जोरदार चुंबक त्यालाही थोडे ओढले जाते आणि तेवढ्या ओढीने माझे सहा दगड पिशवीत गेले होते.

एका शेतकरीकाकांनी ती पिशवी उघडून पाहिली, त्यातला सर्वांत मोठा, माझा सर्वांत लाडका दगड बाहेर काढला, तो उलटा करून मला दाखवला आणि शांतपणे म्हणाले, “भाऊ, हा दगड तं आमच्या धुऱ्यावर माह्या बापाच्या टायमापासून आहे. पाहा, याले वखराचा घाव आहे.” घाव होता. मी तो अंगठ्याचा खळगा समजलो होतो.

त्या क्षणापासून आम्ही दगड पाहणे कमी केले आणि माणसांना विचारणे वाढवले.

विचारण्याचेही एक तंत्र आहे आणि ते सोपे नाही. कुठे पडला, असे विचारले की प्रत्येक जण “तिकडे, त्या बागेच्या मागे” असे सांगतो. हा लोकांचा दोष नाही. अग्निगोलक सहसा १५ ते २० किलोमीटर किंवा त्याहून अधिक उंचीवरच विझतो. तिथे दगडाचा वेग इतका कमी झालेला असतो की तो प्रकाश देईनासा होतो आणि पुढचा सगळा प्रवास अदृश्य असतो. पाहणाऱ्याला मात्र उजेड झाडांच्या शेंड्यांमागे गेलेला दिसतो, म्हणून तो झाडांमागेच पडला असे त्याला वाटते, आणि तिथून पाच किलोमीटर पुढे उभ्या असलेल्या माणसालाही तो त्याच्या समोरच्या झाडांमागेच गेलेला दिसतो. म्हणून दिशेपेक्षा उपयोगी प्रश्न निराळे: आवाज किती झाले, पहिल्या मोठ्या आवाजानंतर काही वेळाने आसपास पानांत, पत्र्यावर, जमिनीवर काही आपटल्याचे ऐकू आले का, आणि आले असेल तर तुम्ही नेमके कुठे उभे होता. मोठा आवाज वीस-तीस किलोमीटरवरूनही ऐकू येतो, त्यामुळे तो जागा सांगत नाही. पण लिंबाएवढा दगड जमिनीवर आपटल्याचा ‘थप्प’ आवाज शे-दोनशे पावलांपलीकडे जात नाही. शेवटच्या टप्प्यात शंभरेक ग्रॅमचा दगड ताशी दोनशेच्या आसपास किलोमीटर वेगाने खाली येतो, म्हणजे तो पुरुषभर खड्डा करत नाही. घट्ट जमिनीवर फार तर ओंजळभर खळगा.

या चौकशीला दोनशे वर्षांची परंपरा आहे. २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधील नॉर्मंडीत लेग्ल गावाच्या परिसरात सुमारे ३,००० दगड पडले, तेव्हा आकाशातून दगड पडतात हेच अनेक विद्वानांना मान्य नव्हते. अर्न्स्ट क्लाड्नी या जर्मन संशोधकाने १७९४ मध्ये तसे छापले होते आणि त्याची बरीच टिंगलही झाली होती. जाँ-बाप्तिस्त बियो या तरुण शास्त्रज्ञाला तिकडे पाठवण्यात आले. त्याने गावोगाव फिरून वेगवेगळ्या व्यवसायांतल्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या लोकांच्या साक्षी घेतल्या, दगड सापडलेल्या जागा नकाशावर मांडल्या, आणि त्या एका लांबट वर्तुळात बसतात व मोठे दगड त्याच्या एका टोकाला गोळा झालेले आहेत हे दाखवून दिले. जड दगड आपल्या जोरावर पुढपर्यंत जातात आणि हलके हवेच्या विरोधाने मागे पडतात, एवढे साधे त्याचे कारण आहे. मला मात्र बियोची दुसरी गोष्ट अधिक भावते. त्या भागातल्या भट्ट्यांत, खाणींत आणि लोकांच्या दगडांच्या संग्रहांत असा दगड त्या दिवसापूर्वी कधी नव्हता, हे त्याने तपासले. थोडक्यात, आकाशातल्या दगडाची परीक्षा करण्याआधी त्याने गावातल्या दगडांची खानेसुमारी केली. ती न करता मी पिशवी घेऊन थेट वावरात शिरलो होतो.

भारतातही असे काम झालेले आहे. २८ जानेवारी १९७६ च्या रात्री गुजरातेत सुरेंद्रनगर जिल्ह्यातील धजाळा परिसरात दगडांचा वर्षाव झाला तेव्हा अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी गावकऱ्यांच्या मदतीने शेकडो तुकडे, सुमारे ४५ किलो वजनाचे, मिळवले आणि पुढे त्यांवर दीर्घकाळ अभ्यास केला.

रविवारी सकाळी आम्ही शेताऐवजी घरे धरली. बर्फ नाही, वाळवंट नाही, तरी आमच्याकडे एक पार्श्वभूमी अशी आहे की जिच्यावर परका खडा लपू शकत नाही, आणि ती म्हणजे रोज झाडले जाणारे अंगण. स्लॅबची गच्चीही चालते, कारण तिथे दगड येण्याचे दुसरे कारण नसते. संत्र्याच्या झाडाभोवती खुरपून साफ केलेले आळेही चालते. पण अंगणाला तोड नाही. एका वस्तीत सातव्या की आठव्या घरी आम्ही नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा दारात बसलेल्या आजी काही न बोलता उठल्या, आत गेल्या आणि देवळीतून पितळी वाटीत ठेवलेले दोन तुकडे घेऊन आल्या. एका दगडाचे ते दोन भाग होते. जोडले की सांधा बरोबर बसत होता. बाहेरून काळी साल, तिच्यावर चिखल सुकल्यावर पडतात तशा बारीक तडांचे जाळे, आणि तुटलेल्या बाजूवर धुतलेल्या सिमेंटसारखा राखाडी रंग, त्यात उन्हात धरल्यावर सुईच्या टोकाएवढे चमचमणारे ठिपके. सालीवर कुंकवाचे बोट ओढलेले होते.

“आजी, हा कुठे सापडला?”

“इथंच. रोज सकायी झाडतो मी हे आंगन. इथला एकेक खडा मले ठावा आहे.” त्यांनी तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. “हा आपल्या इकडचा नाही, बापू.”

दख्खनच्या पठारावर अशनी कसा ओळखावा, यावर मी आजवर जेवढे वाचले त्यात याहून अचूक वाक्य मला मिळालेले नाही.

त्यानंतर मी जे केले ते सांगायला हवे, कारण पुढे कधी कोणाच्या हाती असा दगड आला तर निदान त्याने तरी ते करू नये. माझ्या खिशात जुन्या स्पीकरमधून काढलेले चुंबक होते. मी ते लावले. ‘टक्’ असा आवाज झाला, दगड चिकटला आणि माझ्या तोंडातून आनंदाचा चीत्कार निघाला. मग हातरुमाल पाण्यात भिजवून मी कुंकू पुसून काढले. हे दोन्ही मिनिटभरात झाले आणि ज्याच्या मोटारसायकलवर मी आलो होतो, त्या भूशास्त्र न सोडलेल्या वर्गमित्राने कपाळावर हात मारला. अशनीतल्या धातूकणांमध्ये अतिप्राचीन चुंबकीय क्षेत्राची नोंद शिल्लक असू शकते. हातातले साधे चुंबक टेकवले की ती पुसली जाते आणि तिच्या जागी आपल्या स्पीकरची नोंद उमटते. पाण्याने धातूला गंज चढायला सुरुवात होते. कुंकू लागलेले असले तरी ते तसेच ठेवून, काय लागले आहे ते लिहून द्यायचे असते, म्हणजे तपासणाऱ्याला तेवढा भाग वगळता येतो. दगड शक्यतो उघड्या हाताने न उचलता स्वच्छ अॅल्युमिनियमच्या पन्नीत गुंडाळावा, कोरड्या पिशवीत ठेवावा, फोडू नये, कापू नये. आणि उचलण्यापूर्वी जागेवर असतानाचे छायाचित्र, शेजारी नाणे किंवा पेन ठेवून, नक्की काढावे.

सर्वांत मोलाची असते ती सोबतची चिठ्ठी. कोणी, कोणत्या दिवशी, कुठे उचलला, तोवर पाऊस पडला होता का, आणि उचलल्यापासून तो कशात ठेवला होता. पडताना पाहिलेल्या अशनीचे महत्त्व त्याच्या ताजेपणात आहे. अंतराळात असताना वैश्विक किरणांच्या माऱ्याने दगडात काही अल्पजीवी किरणोत्सारी अणू तयार होतात. सोडियम-२४ चे प्रमाण पंधरा तासांत निम्म्यावर येते, व्हॅनेडियम-४८ चे सोळा दिवसांत, क्रोमियम-५१ चे जवळपास अठ्ठावीस दिवसांत. प्रयोगशाळेत दगड किती लवकर पोहोचतो त्यावर यांपैकी काय मोजता येईल ते ठरते, आणि देवळीत गेलेला प्रत्येक दिवस त्यातून वजा होतो. आजींच्या दगडाचे पाच दिवस गेले होते, जे मुळीच वाईट नाही. दगड दाबून ठेवले जातात ते बहुधा देवभोळेपणामुळे नव्हे, किमतीच्या अफवेमुळे. लाखांचे आकडे आमच्याही कानावर आले, आणि एका घरात तर दगड असल्याचे शेजाऱ्यांनी सांगूनही घरच्यांनी “आमच्याकडे काही नाही” म्हणून दार लावून घेतले. भारतात पडलेल्या अशनींचे जतन करण्याची जबाबदारी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे, त्यांच्याकडे दिलेल्या दगडाची नोंद होते, आणि नोंद नसलेला दगड शोभेच्या वस्तूपलीकडे फारसा काही सांगू शकत नाही, हे त्या दाराबाहेर उभे राहून मला मोठ्याने सांगावेसे वाटले होते, सांगितले नाही.

आजींनी मात्र दगड देताना काही मागितले नाही. जागा दाखवा म्हटल्यावर त्या आम्हाला तुळशीच्या ओट्यापासून चार पावलांवर घेऊन गेल्या. तिथे एक टोपले पालथे घातलेले होते. त्यांनी ते उचलले तर खाली सारवलेल्या जमिनीत दोन बोटे खोल, एका बाजूने थोडा कललेला खळगा जसाच्या तसा शिल्लक होता. कोंबड्या उकरतील म्हणून त्यांनी तो झाकला होता आणि पाच दिवस तेवढी जागा सोडून बाकीचे अंगण सारवले होते. मी माझ्या चुकीने ओशाळून उभा होतो तेव्हा वर्गमित्राने त्या खळग्याची लांबी, रुंदी, खोली आणि कलाची दिशा लिहून घेतली, भ्रमणध्वनीवरून अक्षांश-रेखांश टिपले, आणि चिठ्ठीच्या शेवटी ‘चुंबक लावले, पाण्याने पुसले’ असे माझ्याच हस्ताक्षरात माझ्याकडून लिहवून घेतले. दगड आणि चिठ्ठी सोमवारी योग्य ठिकाणी जमा झाली.

काटोलच्या अशनीचे नाव पुन्हा ठळकपणे वाचायला मिळाले ते २०२१ मध्ये. खरगपूरच्या आयआयटीतील सुजय घोष यांच्या गटाला, देशा-परदेशांतल्या सहकाऱ्यांसह, या अशनीत ब्रिजमनाइट हे खनिज सापडले होते. पृथ्वीवर सर्वाधिक प्रमाणात असलेले हे खनिज आहे आणि तरीही ते आपल्याला कुठे उचलता येत नाही, कारण त्याचे घर ६६० किलोमीटरच्या खाली, खालच्या प्रावरणात, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या जाड थराच्या तळच्या भागात आहे आणि तिथून वर येताना त्याचे रूपच बदलून जाते. नैसर्गिक नमुन्यातून त्याला नाव मिळाले तेच मुळी २०१४ मध्ये, ऑस्ट्रेलियात १८७९ साली पडलेल्या टेनहॅम अशनीमुळे. काटोलच्या दगडात ते तयार झाले ते अवकाशातल्या टकरीत: क्षणभर वातावरणाच्या दाबाच्या दोन लाख पटींहून अधिक दाब आला, वितळलेल्या द्रव्याच्या बारीक शिरा दगडात पसरल्या, आणि त्या इतक्या लवकर गोठल्या की खनिजाला परत बदलायला सवड मिळाली नाही. विशेष म्हणजे त्याची रासायनिक घडण पृथ्वीच्या खालच्या प्रावरणातल्या ब्रिजमनाइटशी पूर्वी सापडलेल्या नमुन्यांपेक्षा अधिक जुळती आहे. आजींच्या दगडाच्या राखाडी बाजूवर मला केसाएवढी एक काळी रेघ दिसली होती आणि ती मी भेग समजलो होतो. ती अशीच शीर असेल किंवा नसेलही. त्यांच्याच तुकड्यावर हा अभ्यास झाला असे मानायला माझ्याकडे काहीही आधार नाही.

जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा मी आणखी एकदा काटोलला जाऊन आलो. वावरांत पेरणीची घाई होती, भेगा मिटल्या होत्या आणि शोधण्यासारखे काही उरले नव्हते. आजींच्या अंगणातला खळगा सारवून सारखा केलेला होता. मी घरून आणलेले ते अकरा दगड एका धुऱ्यावर परत ठेवून दिले. वखराचा घाव असलेला तेवढा काकांच्या हातात दिला, आणि त्यांनी तो पाहून न पाहिल्यासारखे करत जुन्या जागी बसवला.